मासळीबाजाराजवळचे मैदान आणि राष्ट्राध्यक्षांची खुर्ची

प्रश्न : मी राज्यशास्त्र विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. माझ्या लघुप्रबंधाचे मंजूर शीर्षक ‘आफ्रिकेतील महिला नेतृत्व : स्त्री-हक्क आणि शांतता’ असे आहे. गेल्या ८ मार्चला महाविद्यालयात मी लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांच्यावर भाषण केले आणि त्यांना आदर्श म्हणून मांडले. त्यानंतर वाचन वाढले, तेव्हा कळले की त्यांनी सुरुवातीच्या काळात बंडखोरांचा म्होरक्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या चार्ल्स टेलरला पैसे दिले होते, आपल्या मुलांना मोठ्या पदांवर बसवले होते आणि त्यांच्याबरोबर नोबेल मिळालेल्या लेमा ग्बोवी यांनीच त्यांच्यावर उघड टीका केली होती. मला फसल्यासारखे वाटते आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, ‘एवढे खोलात जायचे नसते, कार्यगौरव लिहा आणि मोकळ्या व्हा.’ आई राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य आहे, तरीही वडील विचारतात, ‘बायका सत्तेत आल्या म्हणून बदलते काय?’ विषय बदलू का?

उत्तर : विषय बदलू नका, शीर्षक मात्र बदला. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत आणि त्या सगळ्यांतील स्त्रियांचे नेतृत्व शंभर पानांत बसवायला निघालात, तर प्रत्येक देशाच्या वाट्याला दोन पाने येतील आणि त्या दोन पानांत गौरवाखेरीज काहीच मावणार नाही. तुमच्या सरांचा सल्ला मला पटत नाही; पण ज्या शीर्षकाला त्यांनी मंजुरी दिली आहे, त्या शीर्षकातून दुसरे काही निघणे अवघड आहे, हेही खरे. तेव्हा एकच देश घ्या. तुमचा जीव लायबेरियात अडकलेलाच आहे, तर लायबेरियाच घ्या.

आता तुमच्या अपेक्षाभंगाविषयी. तुम्ही वाचलेत ते खोटे नाही. टेलरच्या बंडाच्या आरंभी आपण दहा हजार डॉलर दिले होते, हे सरलीफ यांनी स्वतः मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे असे की ते पैसे मदतकार्यासाठी होते आणि टेलरचे खरे रूप आपल्याला नंतर कळले. लायबेरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने २००९ साली आपल्या अहवालात टेलरच्या पूर्वीच्या पाठीराख्यांना तीस वर्षे सार्वजनिक पदांपासून दूर ठेवावे अशी शिफारस केली आणि त्या यादीत तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या सरलीफ यांचेही नाव होते. २०११ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. ज्यांच्याविरुद्ध शिफारस झाली त्यांना स्वतःची बाजू मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती, हा न्यायालयाचा मुख्य आधार होता. म्हणजे त्या निकालाने प्रक्रिया चुकीची ठरवली, पैसे दिल्याचा इतिहास पुसला नाही. मुलांच्या नेमणुकांबद्दलही तसेच. एक मुलगा सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखपदी, दुसरा मध्यवर्ती बँकेचा उपगव्हर्नर आणि सावत्र मुलगा राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेच्या प्रमुखपदी असे चित्र असल्यावर लोक बोलणारच. २०१२ साली ग्बोवी बोलल्या आणि राष्ट्रीय सलोख्याचे जे काम सरकारने त्यांच्याकडे सोपवले होते, त्याचा त्यांनी राजीनामा दिला. आदल्याच वर्षी ७ ऑक्टोबरला या दोघींना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला होता, आणि तोही लायबेरियातील अध्यक्षीय मतदानाच्या अवघे चार दिवस आधी. त्या वेळेच्या निवडीवर विरोधकांनी घेतलेला आक्षेप मला आजही अगदीच गैरलागू वाटत नाही.

परंतु हा राजीनामा तुम्ही दोन स्त्री-नेत्यांमधील भांडण म्हणून वाचला आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तो तसा वाचू नये. सरलीफ एका मार्गाने राष्ट्राध्यक्षपदापर्यंत आल्या आणि ग्बोवी दुसऱ्या मार्गाने लोकांसमोर आल्या. हे दोन मार्ग काही वर्षे एकमेकांना लागून गेले, एवढेच. सरलीफ यांचा मार्ग अर्थखात्यातून जातो. १९७९ साली त्या अर्थमंत्री झाल्या. १९८० च्या एप्रिलमध्ये सॅम्युअल डो याने सत्ता बळकावून जुन्या राजवटीतील तेरा जणांना समुद्रकिनाऱ्यावर गोळ्या घातल्या, तेव्हा बचावलेल्या मोजक्या मंत्र्यांपैकी त्या एक होत्या. पुढे तुरुंग, देशत्याग, संयुक्त राष्ट्रांतील मोठी नोकरी, आणि १९९७ च्या निवडणुकीत टेलरविरुद्ध उमेदवारी. टेलरला सुमारे पंच्याहत्तर टक्के मते मिळाली, त्यांना दहा टक्क्यांच्या आत. हरल्यास टेलर पुन्हा युद्ध पेटवेल, या धास्तीने कित्येकांनी त्यालाच मत दिले होते. युद्ध तरीही पेटलेच. १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सुरू झालेली आणि मध्ये दोन-तीन वर्षे दम खाऊन पुन्हा भडकलेली ही यादवी २००३ पर्यंत चालली, आणि जेमतेम तीस लाख वस्तीच्या त्या देशात तिने सुमारे अडीच लाख बळी घेतल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ग्बोवी यांचा मार्ग एका चर्चमधून जातो. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे मुलांना वाढवत त्या राजधानी मन्रोव्हियातील ल्यूथरन चर्चच्या उपक्रमात युद्धाने मनावर आघात झालेल्या माणसांबरोबर, त्यात टेलरच्या फौजेतून आलेल्या मुलांबरोबरही, काम करू लागल्या. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांचे शांतताकार्याचे एक जाळे २००१ साली घानाची राजधानी आक्रा येथे उभे राहिले आणि लायबेरियातील त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ख्रिस्ती बायकांच्या एका बैठकीत आसातू बाह केनेथ नावाची मुसलमान पोलीस अधिकारी उठली आणि आपल्या समाजातील बायकांनाही या कामात आणण्याचा शब्द तिने दिला. तो तिने पाळला. पुढचे महिनोन्‌महिने या बायका शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चच्या दारात पत्रके वाटत उभ्या राहत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी पत्रकांवर साधी चित्रे काढलेली असत. तुमच्या लघुप्रबंधात ‘जनसंघटन’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे ही चित्रांची पत्रके डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो शब्द कोरडा राहणार नाही.

२००३ च्या एप्रिलमध्ये या बायका टबमन बुलेव्हार्ड या हमरस्त्याला लागून, मासळीबाजाराजवळच्या मोकळ्या मैदानात शांततेची मागणी करत येऊन बसल्या. जागा विचारपूर्वक निवडली होती, कारण टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच रस्त्याने जाई. अंगात पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरे फडके, अंगावर एकही दागिना नाही. श्रीमंत-गरीब, ख्रिस्ती-मुसलमान, शिकलेली-न शिकलेली हा भेद ताफ्यातील माणसाला खिडकीतून दिसू नये, हा त्यामागचा हेतू. उन्हात बसल्या आणि पावसाळा सुरू झाल्यावर चिखलातही बसल्या. २३ एप्रिलला टेलरने त्यांना भेटीला बोलावले. ग्बोवी यांनी निवेदन वाचले ते टेलरकडे तोंड करून नव्हे. तिथे उपस्थित असलेल्या सिनेटच्या वरिष्ठ पदाधिकारी ग्रेस मायनर यांना उद्देशून त्यांनी ते वाचले, की आमचे म्हणणे एका स्त्रीने राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचवावे. टेलर समोरच बसला होता! एवढ्या एका कृतीत शिष्टाचार किती आणि अवज्ञा किती, यावर तुम्हाला दोन पाने सहज लिहिता येतील.

मराठीत या आंदोलनावर जे काही छापून येते, त्याची सुरुवात बहुधा ‘नवऱ्यांशी असहकार’ या गोष्टीने होते. तो पुकारा झाला होता हे खरे. पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा नव्हता, वृत्तपत्रांचे लक्ष वेधायला मात्र त्याचा उपयोग झाला, असे ग्बोवी यांनीच नमूद केले आहे. लघुप्रबंधात त्याला एक तळटीप पुरे.

जूनच्या ४ तारखेला घानामध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्याच दिवशी शेजारच्या सिएरा लिओनमधील युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाने टेलरविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केल्याने तो तडक मायदेशी परतला. बोलणी आठवड्यांमागून आठवडे रेंगाळली. तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते आणि इकडे आक्राच्या चांगल्या हॉटेलांत उतरलेले बंडखोरांचे प्रतिनिधी मंत्रिपदांची वाटणी करत होते. जुलैच्या उत्तरार्धात लायबेरियातील बायका आणि घानातील निर्वासित छावणीतून आलेल्या त्यांच्या भगिनी सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या आणि करार होईपर्यंत कोणालाही बाहेर पडू देणार नाही, असा निरोप त्यांनी आत पाठवला. सुरक्षारक्षक ग्बोवी यांना अटक करायला आले, तेव्हा त्यांनी अंगावरची वस्त्रे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या स्त्रीने भर लोकांत असे विवस्त्र होणे हा त्या भागात पाहणाऱ्या पुरुषाला लागणारा शाप समजला जातो. रक्षक मागे सरले. मध्यस्थ, नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर, बाहेर आले आणि बायकांच्या अटी ऐकून घेतल्या. प्रतिनिधींनी बैठकांना नियमित हजर राहावे आणि येता-जाता आम्हाला अपशब्द वापरू नयेत, अशा त्या अटी होत्या. अटी किती साध्या होत्या पाहा; त्यावरूनच तोवर काय चालले होते याची कल्पना येते. ११ ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या.

बहुतेक लेखन इथे थांबते आणि थेट २००६ च्या जानेवारीतील सरलीफ यांच्या शपथविधीवर उडी मारते. माझ्या मते तुमचा लघुप्रबंध नेमका या उडीखाली दडलेला आहे. सह्या झाल्यानंतर बायका घरी गेल्या नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मन्रोव्हियाजवळच्या एका लष्करी तळावर शस्त्रे जमा करायला सुरुवात केली, तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये येऊन धडकले, पैसे हातात पडत नाहीत म्हणून गोळीबार आणि दंगल झाली, आणि मोहीम थांबवावी लागली. स्थानिक बायकांना या मुलांशी बोलण्याची सवय होती. कोण कुठल्या टोळीतला, कोणाच्या शब्दाला कोण मान देतो, हे त्यांना ठाऊक होते. तरीही नियोजनाच्या वेळी त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. २००४ च्या एप्रिलमध्ये मोहीम पुन्हा सुरू झाली, ती त्या वेळी बायकांनी गावोगाव जाऊन केलेल्या प्रचारासह. अखेरीस एक लाखाहून अधिक जणांची नोंद झाली, त्यांत सुमारे बावीस हजार स्त्रिया होत्या. जमा झालेली शस्त्रे मात्र सुमारे अठ्ठावीस हजार. या दोन आकड्यांमधील तफावतीवर विचार करा. प्रत्येकी तीनशे डॉलरचा भत्ता मिळवण्यासाठी न लढलेलेही रांगेत उभे राहिले, की बंदुका कुठेतरी पुरल्या गेल्या, की टोळीबरोबर ओझी वाहणारी आणि स्वयंपाक करणारी माणसेही या मोजणीत आली? थोडेफार हे सगळेच घडले असणार, आणि अशा प्रश्नाची उकल करणारे एक प्रकरण कोणत्याही कार्यगौरवापेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

मग २००५ ची मतदारनोंदणी आली. बाजारात बसणारी बाई रांगेत उभी राहिली तर तिचा दिवसाचा धंदा बुडतो आणि लहान मूल कोणाकडे ठेवायचे हाही प्रश्न असतो. म्हणून कार्यकर्त्या बाजारात गेल्या; एकीने दुसरीची टोपली सांभाळली, मूल सांभाळले आणि तिला नोंदणीला पाठवले. मतदारयादीत जवळपास निम्म्या स्त्रिया झाल्या. ८ नोव्हेंबर २००५ च्या दुसऱ्या फेरीत सरलीफ यांना ५९.४ टक्के मते मिळाली आणि फुटबॉलपटू जॉर्ज वेआ हरले. लोकांनी निवडून दिलेल्या आफ्रिकेतील पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष, हे वर्णन अचूक आहे. पण ‘निवडून दिलेल्या’ हे शब्द गाळू नका, कारण खुद्द लायबेरियातच १९९६-९७ मध्ये रूथ सँडो पेरी यांनी हंगामी राज्यपरिषदेचे प्रमुखपद भूषवले होते. भाषणात तुम्ही त्यांचा उल्लेख केला नसावा. बहुतेक जण करत नाहीत.

आता वडिलांचा प्रश्न. त्याला टाळू नका, तो प्रामाणिक प्रश्न आहे. सरलीफ यांच्या कारकिर्दीच्या आरंभी कडक बलात्कारविरोधी कायदा अमलात आला आणि २००८ मध्ये लैंगिक अत्याचारांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. खटले मात्र त्या न्यायालयात साचत राहिले. २०१० साली साडेचार अब्ज डॉलरहून अधिक परकीय कर्ज माफ करून घेण्यात त्यांचा अर्थखात्यातील आणि संयुक्त राष्ट्रांतील अनुभव कामी आला. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी वेआ यांच्याकडे सत्ता सोपवली. सत्तर वर्षांहून अधिक काळात एका निर्वाचित अध्यक्षाने दुसऱ्याकडे शांततेने सूत्रे देण्याचा हा पहिला प्रसंग होता, आणि त्या घटनेला मी त्यांच्या नोबेलपेक्षा वरचे स्थान देईन. परंतु प्रतिनिधीगृहातील स्त्रियांचे प्रमाण बारा वर्षांनंतरही दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच राहिले. शेजारी ठेवण्यासाठी रवांडा घ्या. तेथे २००३ च्या राज्यघटनेने किमान तीस टक्के जागा स्त्रियांना दिल्या, २००८ मध्ये त्या निम्म्याहून अधिक झाल्या आणि २०१३ मध्ये सुमारे चौसष्ट टक्के. पण तेथे २००० सालापासून पॉल कागामे हेच राष्ट्राध्यक्ष आहेत आणि संसदेने त्यांना आडवे जाण्याचे प्रसंग शोधूनही सापडत नाहीत. एका देशात स्त्री सर्वोच्च पदावर आणि सभागृह पुरुषांचे. दुसऱ्यात सभागृह स्त्रियांचे आणि निर्णय एका पुरुषाचा. ‘बदलते काय’ याचे उत्तर वडिलांना द्यायचे असेल, तर हे दोन देश त्यांच्यापुढे ठेवा आणि मग आपल्या ग्रामपंचायतीकडे वळा. महाराष्ट्रात १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. तुमच्या आईला इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचायला मिळते का, ठराव त्या स्वतः मांडतात की तो आधीच कोणीतरी लिहून आणतो, हे त्यांनाच विचारा. वडील समोर असताना नको. निवांतपणे, स्वयंपाकघरात विचारा.

लायबेरियाशी भारताचा एक थेट धागाही आहे. २००७ च्या जानेवारीत केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिलांची तुकडी मन्रोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातील केवळ स्त्रियांची अशी ती पहिलीच पोलीस तुकडी होती. दरवर्षी नव्या जवान येत राहिल्या आणि २०१६ पर्यंत हे काम चालले. रात्रीची गस्त आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेरचा पहारा ही कामे त्यांच्याकडे होती. हा भाग मोहक आहे, म्हणूनच जपून वापरा. तो परिशिष्टात शोभेल. मुख्य प्रकरणांत आणलात तर लायबेरियाच्या बायका मागे पडतील आणि आपलेच कौतुक पुढे येईल.

कामाच्या सोयीसाठी एवढे करा. सरलीफ यांचे २००९ चे आणि ग्बोवी यांचे २०११ चे आत्मकथन शेजारी-शेजारी ठेवून वाचा, आणि एकच प्रसंग दोघी कशा सांगतात, किंवा एक जो प्रसंग सांगते तो दुसरी का गाळते, याची वहीत नोंद ठेवा. सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल आणि आक्रा कराराची संहिता या दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात वाचा, त्यांच्यावरचे लेख नंतर. करारात स्त्रियांचा उल्लेख कुठे आणि किती वेळा येतो हे स्वतः मोजा. हक्कांविषयीचे प्रकरण हवेच असेल, तर ११ जुलै २००३ रोजी आफ्रिकी संघाने मापुटो येथे स्त्री-हक्कांचा करारनामा स्वीकारला, आणि त्याच जुलैत आक्रामध्ये करारासाठी दार अडवून बसलेल्या बायकांना आपल्याला अपशब्द वापरू नयेत अशीही अट घालावी लागली, या दोन घटना एका पानावर घ्या.

८ मार्चच्या भाषणाबद्दल माफी मागण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी संधी मिळाली, तर उरलेला अर्धा भाग सांगा. सरांकडे जाताना वाद घालायला जाऊ नका. शीर्षक-बदलाचा अर्ज, दोन पानांचा आराखडा आणि मन्रोव्हियाचा नकाशा बरोबर न्या, आणि त्या नकाशावर टबमन बुलेव्हार्डवर आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवा. शीर्षकात कोणत्याही एका नेत्याचे नाव घालू नका, ‘२००३ ते २००५’ ही वर्षे मात्र आवर्जून घाला. आपल्याकडील विद्यापीठांत अशा अर्जाला मुदत असते. ती या सत्राबरोबर संपत नाही ना, हे विभागाच्या कार्यालयात उद्याच विचारून घ्या.